आईला न सांगता घेतलेला शॉट

मला कॉलेजात कुणीही, कधीही त्रास दिलेला नाही, हे सांगत मी आमच्या गावात घरोघर फिरलो आहे. एकाही घरानं विश्वास ठेवला नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (त्यामुळे मी काहीही बोललो तरी घरच्यांना ते शिकलेल्या माणसाचं बोलणं वाटतं. पुढच्या घोटाळ्याचं मूळ इथेच आहे.) जोयड्याच्या कॉलेजात आमच्या सरांनी आम्हाला एक छोटा सिनेमा करायला सांगितला, मोबाईलवर. विषय : मोठी मुलं लहान मुलांना कशी छळतात. लेखक मी, दिग्दर्शक मी आणि छळला जाणारा गरीब मुलगाही मीच. छळणारा गुंड म्हणून मी माझा मित्र मंजू याला घेतलं, कारण तो अंगानं दाराएवढा आहे.

मंजू धारवाडकडचा, मराठी त्याला जेमतेम येते. पण सिनेमात संवाद कमी होते, तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण ही होती की तो प्रत्येक थपडीआधी मला 'सॉरी' म्हणायचा. मारायच्या आधी माफी मागणारा गुंड मला कलात्मक वाटेना. शेवटी मीच त्याच्यावर ओरडायचो, "मार की लेका!" आणि तो डोळे मिटून मारायचा. ते सगळे शॉट रविवारपर्यंत उरकले. राहिला तो शेवटचा : मुलगा मार खाऊन घरी येतो, आई त्याला बघते, विचारते, "कोण?" आणि मुलगा नाव न सांगता मान खाली घालतो. संपलं. हे मान खाली घालणं मला स्वतःला फार आवडलं होतं.

आईचं काम आईलाच द्यायचं ठरवून मी मंजूला घेऊन गावी आलो. आईला सगळं समजावलं. तिनं आत जाऊन सणाचं जरीचं लुगडं नेसलं, तोंडाला पावडर लावली, दारात ताठ उभी राहिली आणि फोनकडे बघून एका दमात म्हणाली, "कोण रे मारलं माज्या लेकाला नमस्कार."

"आई, नमस्कार नको."

"बायकांच्या बचतगटाच्या संघात बोलताना शेवटी म्हन्त्यात."

आणखी चार वेळा घेतला. चारही वेळा नमस्कार आलाच. मी मंजूला म्हणालो, "आईला अभिनय जमणार नाही. खरा चेहरा पाहिजे. तिला न सांगता घ्यायचं." मंजूनं मान हलवली, नको म्हणून. पण दिग्दर्शक मी होतो.

आईला म्हणालो, राहू दे, सरांनी शेवट बदललाय. दुसऱ्या दिवशी दुपारी, "मंजूबरोबर बसस्टॉपवर कॉलेजातल्या पोरांना भेटून येतो," असं सांगून घराबाहेर पडलो. करवंदीच्या जाळीमागं बसून चुलीतली काजळी डोळ्याखाली चोपडली, ओठाला आमसुलाचं दाट पाणी लावलं आणि शर्ट खांद्यापासून फाडला. थोडं आमसूल डोळ्यात गेलं, त्यामुळे रडणंही आपोआप जमलं. मंजू आमच्या ओट्यावर फोन उंच धरून उभा राहिला. आमच्या गावात फोन उंच धरून उभ्या राहिलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. सगळे समजतात, रेंज शोधतोय.

मी दारात आलो. आई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं ती धावत येईल, मिठी मारेल, रडेल. ती हळू उठली. आधी शर्ट हातात धरून पाहिला.

"भाऊजींनी दिलेला न्हवं ह्यो?"

(हा संवाद मी लिहिलेला नव्हता. पण बरा होता.)

मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कोण?"

नमस्कार नाही, काही नाही. मी ठरल्याप्रमाणे मान खाली घातली. खरं म्हणजे तिथंच मी 'झालं' म्हणायला हवं होतं. पण आईचा चेहरा असा काही झाला होता की मनात आलं, अजून थोडं चालू दे. आई मागच्या दारानं निघून गेली. ती एकटी बसून रडणार आणि मंजू मागून तोही शॉट घेणार, अशी माझी कल्पना.

आई रडायला गेलीच नव्हती. ती थोरल्या आप्पांना आणायला गेली होती.

थोरले आप्पा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. गावदेवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते आले, त्यांच्यामागून रानातून बाबा आले, बाबांच्या मागून निम्मा गाव आला. मी बोलायला तोंड उघडलं.

"गप," आप्पा म्हणाले. "भ्यायलंय पोरगं. बोलवू नका त्याला."

बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. खांबाला टेकून म्हणाले, "पुरं झालं शिकाप. उद्यापास्नं न्हाई जायाचं कालेजला."

मला कॉलेजात घालायला आई बाबांशी अख्खा उन्हाळा भांडली होती. आता ती भांडेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फक्त डोळे पुसले. एका शॉटापायी माझं कॉलेज चाललं होतं.

"बाबा, ऐका तरी..."

"आधी देवाच्या कानावर घालूया," आप्पा म्हणाले. मिरवणूक देवळाकडे निघाली. आईनं मंजूचा हात धरून त्यालाही घेतलं. "ह्यो गुनी पोरगा हाय म्हनून माजं लेकरू जिवंत घरी आलं," असं ती शेजारणीला सांगत होती. मंजू हसत होता. त्याला वाटलं, पूजा आहे. पूजा म्हणजे प्रसाद.

देवळापुढं सगळे अर्धगोल उभे राहिले. मला मधोमध, सगळ्यांच्या पुढं उभं केलं. आप्पांनी नारळ ठेवला, डोकं उघडं केलं आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, तुजं लेकरू मार खाऊन तुज्या पायरीशी आलंय."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"ज्यानं त्याच्या अंगावर हात टाकला, त्याचा हात तू धर."

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज मंजूचा होता. त्याला चाल सापडली होती.

"त्याला दोन घास गोड लागू देऊ नको."

"व्हय म्हाराजा!" मंजू. (सकाळीच तो आईच्या हातची पाचवी भाकरी "साकु अम्मा, साकु", म्हणजे पुरे आई, पुरे, असं म्हणत, पण ताट पुढं करत, खाऊन उठला होता.)

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याला वाटलं मी आवाज वाढव म्हणतोय.

"आणि देवा," आप्पांचा आवाज एकदम खाली आला, "ज्याच्यापायी ह्या माउलीच्या डोळ्याला पानी आलं, त्याला आज आमच्या म्होरं उभा कर."

गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. सगळ्यांच्या म्होरं उभा होतो मी, एकटाच. आमचा देव एवढ्या तातडीनं काम करतो हे मला माहीत नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "कुनी मारलं न्हाई. सिनेमा हाय."

"काय हाय?"

"सिनेमा."

आई पुढं आली. तिनं पदर ओला करून माझ्या डोळ्याखाली फिरवला. काळं सगळं पदराला आलं. तिनं त्याचा वास घेतला.

"आपल्याच चुलीतलं?"

"व्हय."

तिनं पदराचं ते टोक आत दुमडलं. तिनं दोन ठेवून दिल्या असत्या तर मी तिचे उपकार मानले असते.

"कालेजात हेच शिकवत्यात?" बाबांनी विचारलं. "म्हन्जे उद्यापास्नं न्हाईच जायाचं."

"जाऊ दे त्याला," आई म्हणाली. "लई शिकायचं बाकी हाय अजून."

कॉलेज वाचलं, पण गाऱ्हाणं उरलं. आप्पांचं म्हणणं, देवापुढं मांडलेलं असं वाऱ्यावर सोडता येत नाही. ज्याच्यामुळं मांडलं, त्यानं घरोघर जाऊन आपल्या तोंडानं सांगायचं आणि मगच नारळ फोडायचा. आमची घरं जंगलात विखुरलेली, एक या डोंगरावर तर दुसरं ओढ्यापलीकडं. देवळात न आलेल्यांकडे बातमी माझ्या आधीच पोचलेली. पहिल्याच घरी मी म्हणालो, "काकी, मला कुनी मारत न्हाई."

काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मार खाल्लेली पोरं असंच म्हन्त्यात, बाळा. भिऊ नकोस. कोन हाय त्यो?"

मी मान खाली घातली. (सवय झाली होती.) त्यानं काकींची खात्रीच पटली.

पुढच्या घरी मी सरळ मंजूकडे बोट केलं. "ह्यानंच मारलं, पन सिनेमात." घरातल्या आजोबांनी मंजूकडे पाहिलं. तो मांडीवर पोह्यांची ताटली घेऊन बसला होता. "ह्यो?" आजोबा म्हणाले. "अरं, जरा तरी लाज बाळग. गरीब पोरावर आळ घेतोस?" मंजूला आणखी पोहे मिळाले. दोन घास गोड न लागण्याचा शाप त्याला कुठंच बाधला नाही.

परतताना मंजूच्या फोनवर मी तो शॉट पाहिला. उजेड छान होता, हात हलला नव्हता. आई हळू विचारते, "कोण?" आणि मी मान खाली घालतो. सिनेमात याहून खरं काही नव्हतं. पण तिचा तो चेहरा मला दुसऱ्यांदा बघवेना. मी तो पुसून टाकला आणि घरी जाऊन आईला म्हणालो, "शेवट राहिलाय. तू करशील काय?"

तिनं विचारलं, "आता सांगून काडनार न्हवं?"

"व्हय, सांगून."

"मग थांब," म्हणत ती लुगडं बदलायला आत गेली.

आमचा सिनेमा सगळ्या वर्गासमोर दाखवला. शेवटी जरीच्या लुगड्यातली, पावडर लावलेली आई ताठ उभं राहून म्हणाली, "कोण रे मारलं माज्या लेकाला नमस्कार." वर्ग हसून लोळला. सरांनी चष्मा पुसला.

"बाकी बरं आहे, सोमा," ते म्हणाले, "पण आईचं काम फार खोटं वाटतं. पुढच्या वेळी असं कर, त्यांना न सांगता शूट कर."

मी मान खाली घातली. शेजारी बसलेला मंजू सवयीनं, अगदी मनापासून म्हणाला, "व्हय म्हाराजा!"