एकवीस चिंध्या आणि चार मार्जिनच्या

आमच्या बिल्डिंगमध्ये आठ दिवस एकच बातमी होती: तळमजल्यावरच्या टेलरमावशीने कुणाचं तरी तान्हं बाळ घरात लपवून ठेवलंय.

बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. कुठलीही बातमी देताना त्या आधी डोळे मिटतात, मग हवेतली माशी हाकलतात, आणि मग सुरू. "मी बाई कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण खिडक्या बंद. दिवसभर बारीक आवाजात रडणं. आणि आत दोरीवर एवढ्या एवढ्याशा चड्ड्या! अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कशाला हव्यात गं एवढ्याशा चड्ड्या? मला काय करायचंय म्हणा!"

चड्ड्या होत्या, हे खरं. पण काकूंनी त्या नीट बघितल्या असत्या, तर प्रत्येकीला मागे एक गोल भोक दिसलं असतं, कडेने काजासारखं शिवलेलं. ते शेपटीसाठी. बाळबीळ काही नव्हतं, चिंधी होती. मावशीची नऊ महिन्यांची कुत्री, पहिल्यांदाच माजावर आलेली.

टेलरमावशी माझी सख्खी मावशी, आईची मोठी बहीण. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती खाली दोन खोल्यांत एकटी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि गल्लीकडे उघडणारी गजांची खिडकी. मागे स्वयंपाकघर, आणि त्याचं दार परसात. परसाची भिंत माझ्या कमरेएवढी. बावीस वर्षं मावशी युनिफॉर्मच्या कारखान्यात होती आणि बावीस वर्षं तिने फक्त डावी बाही शिवली. उजव्या बाहीला दुसरी बाई. कारखाना बंद पडल्यावर मावशीने स्वतःचं मशीन घेतलं आणि पहिला अख्खा शर्ट शिवला. तो आजही खुंटीवर आहे. उजवी बाही जरा आखूड आहे.

मावशीचा आवाज कळायला तिच्या तोंडातल्या टाचण्या कळल्या पाहिजेत. दिवसातले आठ तास तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या असतात, त्यामुळे सगळं बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून, ओठ न हलवता, नाकातून वाफ सोडल्यासारखं येतं. "का गं पोपटे, शाळा नाही का आज?" पोपटी म्हणजे मी. मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. मावशीचा काढायला मी ओठांत आगकाडी धरून सराव केला होता, अर्थात तिच्या माघारी.

चिंधी तिला कापडाच्या तुकड्यांच्या पोत्यात सापडली होती, मुठीएवढी. मोठी झाल्यावर मशीनच्या पायडलशी लुडबुड करायला लागली आणि एकदा तिचा पंजा खाली चेमटला. तेव्हापासून मावशीने तिला एकच धडा शिकवला. मशीन सुरू करायच्या आधी मावशी म्हणायची, "टाका चालू आहे. खाली!" की चिंधी असेल तिथे बूड टेकायची, आणि मावशी "झालं" म्हणेपर्यंत हलायची नाही. दुसरं तिला काहीही येत नव्हतं. हाक मारली तरी यायची नाही.

एका सकाळी पांढऱ्या साटिनच्या थानावर लाल थेंब दिसला. मावशीला वाटलं आपलंच बोट टोचलं. दोन्ही हातांची बोटं तपासून झाल्यावर ती चिंधीकडे वळली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई कायम पेशंटच्या वतीने बोलतात. चिंधीला टेबलावर घेऊन म्हणाल्या, "आम्ही आता मोठ्या झालो! पण आमची कंबर अजून अरुंद आहे. एवढ्यात पिल्लं आम्हाला झेपायची नाहीत, आमच्या जिवावर बेतेल."

"तुमच्या?" मावशी म्हणाली.

"हिच्या हो. आत्ता ऑपरेशन नको, आत्ता रक्त फार जातं. सगळं उरकल्यावर दोन-तीन महिन्यांनी करू. तोवर पहिल्या थेंबापासून एकवीस दिवस आम्ही घराबाहेर पडणार नाही. आणि चड्डी घातली तरी ती फरशीसाठी बरं का. चड्डी म्हणजे कुलूप नव्हे."

"एकवीस," मावशी म्हणाली. "वर चार दिवस मार्जिन ठेवते."

घरी आलो तर दारात घरमालक. त्यांचं प्रत्येक वाक्य तत्त्वापासून सुरू होतं. "तत्त्वाचा प्रश्न आहे. एक कुत्रं मी चालवून घेतलं. उद्या एकाची सहा झाली, तर सगळी बाहेर. पहिलीसकट."

मावशीने दार लावलं. ते नीट उघडलं ते पंचवीस दिवसांनी.

दाराच्या आत तिने जाड पडदा टांगला. नियम असा, की आधी दार बंद करायचं, मग पडदा उचलायचा. दोन्ही एकदम उघडं दिसलं की कोपऱ्यातून आवाज, "दार!" दाराच्या फटीत जुन्या ब्लाउजपीसची गुंडाळी. परसाकडच्या दाराला दोन कड्या. बाथरूममध्ये घमेलं, त्यात वर्तमानपत्र. चिंधीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, चौदा तास तशीच धरून बसली. शेवटी मावशीने मला परसातून गवताचा तुकडा मातीसकट खणून आणायला लावला. तो घमेल्यात ठेवला तेव्हा कुठे बाईसाहेबांचा मान राहिला.

चड्ड्यांचंही सोपं नव्हतं. पहिलीला शेपटीचं भोक खाली पडलं. दुसरी चिंधीने खाल्ली. तिसरीचं बटण खाल्लं. चौथी अंगात राहायची, पण चिंधी पुतळा व्हायची, एक पाऊल टाकायची नाही. पाचवीला मावशीने पाठीवरून पट्टे दिले, जुन्या पँटच्या गॅलिसचे. ती बसली. "बावीस वर्षांत एवढी ट्रायल कुणी घेतली नाही माझी," मावशी म्हणाली.

गिऱ्हाइकं खिडकीशी यायची. मावशी आतून गजांतून हात काढून माप घ्यायची. "जवळ या. अजून. वळा. हात वर. श्वास सोडा हो, पोट आत ओढून काय मिळणारंय? कोट पोटालाच घालायचाय." वाकड्या खांद्याचे वकील गल्लीत दोन्ही हात वर करून उभे, आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघतायत. वकील म्हणाले, "मावशी, तुम्ही आत की मी आत, तेच कळेना." मावशी हसली नाही. टेप गोळा करून तिने खिडकी लावून घेतली.

कारण खिडकीखाली मॅनेजर बसलेला असायचा. मॅनेजर म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा कुत्रा. काम शून्य, पण सगळ्यांवर लक्ष. त्याच्यामागे चार-पाच उमेदवार, नंबर लावून. चिंधी आतून कुईं करायची, मॅनेजर बाहेरून उत्तर द्यायचा. खोलीत इस्त्रीची वाफ, ओल्या चड्ड्यांचा वास, डेटॉलचा वास, आणि वारा नाही. मावशी रोज सकाळी बटणवाल्याच्या दुकानापर्यंत चालत जायची, तिथे चहा घ्यायची, ते बंद. आता ती मशीनपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून मशीनपर्यंत चालायची. मी पावलं मोजली, अकरा. पाचव्या दिवसापासून तिची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. तरी डेंटिस्टकडे जाईना.

"मावशी, मी बसते ना चिंधीजवळ."

"तू?" टाचण्यांतून आणि दाढेतून एकदम. "तू बसशील, पण तुझा जीव बसेल का? बावीस वर्षं डावी बाही शिवली मी. हे तर पंचवीस दिवस."

रोज सकाळी ती पांढऱ्या सुती कापडाची एक चिंधी घेऊन कुत्रीला पुसायची, आणि ती वाळवून भिंतीवरच्या फळीला टाचायची. खाली खडूने आकडा. नव्या कापडाचा रंग जातो का बघायला ती ओल्या फडक्याने घासून नमुना ठेवते, तसंच. पहिले पाच नमुने लालभडक. मग विटकरी. नववा गुलाबी. अकरावा जवळजवळ कोरा, नुसती वाळल्या गवताच्या रंगाची झाक.

"संपलं!" मी म्हणाले. "रंग गेला. उघड आता खिडकी."

"आता सुरू झालं."

"अगं, रक्तच नाही तर काय सुरू झालं?"

"रक्त होतं तोवर ती मॅनेजरवर दात काढत होती. काल दाराच्या फटीला नाक लावून शेपटी बाजूला घेऊन उभी होती. तुला चिंधी दिसते, मला कुत्री दिसते."

"पैज?"

"पैज. मी हरले तर तुला हवं ते जॅकेट, अस्तरासकट. तू हरलीस तर माझी नक्कल करायची. माझ्यासमोर."

म्हणजे तिला माहीत होतं.

बाराव्या दिवशी गाल एवढा फुगला की तिचा एक डोळा अर्धा मिटला. माझ्या आईने खाली येऊन दम दिला तेव्हा ती दुपारी निघाली. जाताना चारदा सांगितलं, "मागच्या कड्या काढू नकोस. गुदमरलीस तरी नाही." चिंधीची चड्डी हवेसाठी तासभर काढलेली होती.

पहिली वीस मिनिटं मी बसले. खोली उकडत होती. चिंधी मागच्या दाराशी जायची, कडीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, उसासा टाकायची. अकरा पावलं जाऊन अकरा पावलं परत. मला वाटलं, बारा दिवस या दोघी अशा कशा राहिल्या? माझाच जीव घुसमटायला लागला. आणि फळीवर बारावी चिंधी, कोरी. पैज तर मीच जिंकलेली. मी फटीतून पाहिलं. परस रिकामं. दोनच मिनिटं, म्हणून दोन्ही कड्या काढल्या.

चिंधी परसाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पळाली नाही. कान मागे, शेपटी एका बाजूला, आणि वाट बघितल्यासारखी भिंतीकडे तोंड. भिंतीवरून मॅनेजर उतरला. उडी नाही काही, पायरी उतरावी तसा.

मी धावले तर तो गुरगुरला, सगळे दात दाखवून. मी "चिंधी, इकडे ये" म्हटलं. तिने कान हलवला नाही. तो तिच्या मागे गेला. मला घरमालक दिसले, डॉक्टरीणबाईंची अरुंद कंबर दिसली, आणि मग माझे ओठ आपोआप घट्ट झाले आणि कोपऱ्यातून, नाकातून आवाज निघाला:

"टाका चालू आहे. खाली!"

चिंधीचं बूड जमिनीला टेकलं.

मॅनेजर तिच्याभोवती फिरला. नाकाने ढोसलं, पंजा मारला. बसलेल्या कुत्रीपुढे मॅनेजरचंही काही चालत नाही. पण मी गप्प झाले की ती किंचित उठायला बघायची. म्हणून मी म्हणतच राहिले. टाका चालू आहे. टाका चालू आहे, खाली. भिंतीवर आणखी दोन डोकी आली. माझा घसा सुकला. ओठ बधिर झाले.

मावशी रिक्षातून उतरली तेव्हा तिचं तोंड इंजेक्शनने बधिर होतं, त्यात कापूस, आणि स्वतःचा आवाज तिला परसातून ऐकू येत होता. ती घरातून धावत मागे आली. तिला बोलताच येत नव्हतं. मिटलेली छत्री मॅनेजरच्या नाकापुढे फटकन उघडली, तो दचकून मागे सरला, तेवढ्यात तिने चिंधीला काखोटीला मारलं. आत. दोन्ही कड्या.

मग काळ्या कोटाच्या कापडावर खडूने लिहिलं: "बसलेली होती? पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. शपथ."

मी रडत होते. तिने ते पुसलं, म्हणजे कापडावरचं, आणि लिहिलं: "उद्यापासून तू पण आत."

पुढचे तेरा दिवस शाळा सुटली की मी पडद्याच्या आत. शपथेवर मावशीचा विश्वास होता, पण शपथेने पोट कळत नाही. चिंधी जरा जास्त झोपली की आम्ही दोघी तिच्याकडे बघायचो. जरा जास्त खाल्लं की मावशी वाटी उचलून ठेवायची, आणि थोड्या वेळाने परत खाली ठेवायची. चिंधीला काही झालं असतं तर मावशीने मला एक शब्दही ऐकवला नसता, आणि तेच मला सहन झालं नसतं. एकविसावी चिंधी टाचली. मार्जिनच्या चार टाचल्या. पंचविसाव्या दिवशी खिडकी उघडली, तर खाली मॅनेजर नव्हता. गॅरेजसमोर बसून स्कूटरींवर लक्ष ठेवत होता.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं मशीन लावून पोट पाहिलं. "आम्ही एकट्याच आहोत," त्या म्हणाल्या. मावशीने तिथेच खुर्चीवर बसून घेतलं, आणि मग बटणवाल्याकडे जाऊन दोन चहा प्यायली.

संध्याकाळी मशीनवर वकिलांचा कोट होता. "पैज," मावशी म्हणाली.

"परसात केली की नक्कल! तूच ऐकलीस."

"तेव्हा मी तुझ्या पाठीमागे होते. समोर ठरलं होतं."

तिने आपल्या ओठांतल्या दोन टाचण्या काढून, पुसून, मला दिल्या. मी त्या धरल्या. तिच्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाले, "टाका चालू आहे. खाली!"

चिंधी बसली. मावशीने मान तिरकी केली, ट्रायलला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते तशी, वरपासून खालपर्यंत.

"गळ्यात सैल आहे जरा," ती म्हणाली. "परत कर."