कुंकू लागलेली वायर

आमच्या राजुऱ्याच्या घरी दसऱ्याला विळ्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी मी नवऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचीही केली. साफसफाईसाठी यांनी दोन्ही स्पीकरच्या वायरी काढून ठेवल्या होत्या. प्रत्येक जोडीत एकाच वायरीच्या टोकाला लाल ठिपका होता. गेल्या वर्षीचं कुंकू असावं, असं मला वाटलं. एकीला आहे आणि दुसरीला नाही, हे काही बरं दिसेना. उरलेल्या दोघींनाही मी कुंकू लावलं.

संध्याकाळी यांनी वायरी जोडल्या, भजन लावलं आणि दोन स्पीकरच्या मधोमध आपल्या जागी बसले. गाणारी बाई एरवी समोर बसल्यासारखी ऐकू यायची. आज तिचा आवाज भिंतीत गेला होता. ढोलकीत तर दमच नव्हता.

"माहे कान गेले वं," हे म्हणाले.

कोळशाच्या खाणीत डंपर चालवण्यात यांचा जन्म गेला, त्यामुळे ती भीती मनात होतीच. भजन मंडळात हे ढोलकी वाजवायचे. आठ दिवसांत मंडळाला निरोप गेला, दुसरा माणूस पाहा म्हणून. ढोलकी खुंटीवर टांगली. मला संताप आला. डॉक्टरकडे जायला नको आणि रडगाणं मात्र दिवसभर! मी वाट्टेल ते बोलले.

एका सकाळी मीच भजन लावून झाडत होते. एका स्पीकरजवळ वाकले, तर ढोलकी दणदणीत. दुसऱ्याजवळही तशीच. मधोमध आले की फुसकी. म्हणजे दोष कानांचा नव्हता.

"अवो, ह्या वायरीले लाल कायचं हाय?"

"तुह्या नेलपॉलिशनं प्लसची खूण केली. काऊन?"

मी कुंकवाचं सांगून टाकलं.

यांनी मशीन बंद केली, वायरी ओल्या फडक्याने पुसल्या. एका स्पीकरच्या प्लसमधल्या वायरीचा लाल रंग फडक्यावर उतरला.

"म्या चष्म्याबिना लाल पाह्यलं अन् खुपसली. एक स्पीकर हवा पुढं ढकलते, तवा दुसरा मांगं ओढते. मधात आवाज मरून जाते."

वायरी बदलून हे पुन्हा मधोमध बसले. बाई समोर आली, ढोलकी छातीत घुमली. यांचे डोळे भरून आले. मलाही रडू आलं, बोललेल्या शब्दांची लाज वाटली.

मी खुंटीवरून ढोलकी काढून धूळ झटकली.

"हिले लाव किती लावाचं तं कुंकू," हे म्हणाले. "हिले प्लस-मायनस नाई."

आणि थाप मारली.