झुल्फिकार फिटर आणि गढूळ पाणी

भोरच्या एसटी डेपोमागं राहणारा झुल्फिकार फिटर १९९९ साली नोकरीसाठी केनियाला गेला आणि चार वर्षांनी परत आला. तिथं काय करत होतास, असं कुणी विचारलं की तो खरं तेच सांगायचा, आणि तिथंच घोटाळा व्हायचा.

"जमिनीतनं उकळतं खारं पाणी वर येतं. त्याच्या वाफेवर वीज करतात आणि उरलेलं पाणी परत जमिनीत सोडतात. सोडायच्या आधी त्यातला गाळ मी काढायचो."

"जमिनीतच सोडायचं, तर गाळ कशाला काढायचा?"

"न्हाईतर भोक बुजतं."

एवढं ऐकून लोक चहा संपवून उठायचे. त्याची बायको मासूमा माहेरी "पाणीपुरवठ्यात होते" एवढंच सांगायची.

२००४च्या उन्हाळ्यात भोंगवलीच्या कुंडलिकचा बोअर आटला. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बोअरमध्ये सोडलं की जमिनीतलं पाणी वाढतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. पाइप जोडायला त्यानं झुल्फिकारला बोलावलं. झुल्फिकारनं जागा पाहिली आणि पाइप खाली ठेवला.

"आधी बोअरभोवती खड्डा घ्या. तळाला दगड, त्यावर खडी, वर वाळू. त्यातनं गाळलेलं पाणीच आत जाईल."

"तुमचं ते खारं पाणी व्हतं. ह्ये गोडं हाय."

"गाळाला चव नसते, कुंडलिकराव."

कुंडलिकची आई साळूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "खण रं," ती म्हणाली. खड्ड्याला आठ दिवस लागले.

जुलैत ओढा तांबडालाल होऊन आला. झुल्फिकारनं काचेच्या बाटलीत पाणी भरून बांधावर ठेवलं. तासाभरानं तळाला दोन बोटं गाळ बसला. "आज न्हाई," तो म्हणाला. एवढ्या गाळानं वाळूच बुजली असती. दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुंडलिक भडकला. शेजारच्या गेनबानं ओढ्यातला पाइप थेट बोअरमध्ये घातला होता आणि पाणी कसं घळाघळा आत जातंय, ते बघायला निम्मं गाव जमलं होतं.

घरी जाताना झुल्फिकारला वाटलं, आपलंच चुकत असेल. तिकडं पाणी तपासायला साहेब होते, इथं नुसती बाटली. पण ओढ्याकडनं खड्ड्यात येणाऱ्या पाइपवरच्या व्हॉल्व्हची चावी त्यानं खिशातच ठेवली.

सहाव्या दिवशी बाटलीच्या तळाला पातळ साय तेवढी बसली. त्यानं व्हॉल्व्ह उघडला.

दिवाळीनंतर गेनबाच्या मोटारीनं आधी चिखल ओढला, मग काहीच ओढलं नाही. कुंडलिकचा बोअर रोज तासभर चालत होता. मे महिन्यात तोही आटला, पण तोवर त्याची ज्वारी निघाली होती. पुढच्या पावसाआधी खड्ड्यातली गाळानं भरलेली वाळू साळूबाईनं कुणी न सांगता उपसून धुतली.

पुढं वेल्ह्यापर्यंत झुल्फिकारनं असे सतरा खड्डे केले. त्यातले सहा, लोकांनी वाळू न धुतल्यामुळं बुजले. उरलेल्या अकरा ठिकाणी तो अजून दर मे महिन्यात जातो आणि घरच्या माणसांना वाळू उपसायला लावतो. चहा झाल्यावर.