शून्य धरलेलं पाणी

आमच्या विहिरीचं पाणी मी शून्य धरलं, तिथून सगळं चुकत गेलं.

तेव्हा मी नगरच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. पाण्यातलं नायट्रेट जागच्या जागी सांगणारा सेन्सर बनवायचा, हा माझा विषय. पेन्सिलीतलं शिसं पायरोल नावाच्या रसायनात बुडवून वीज दिली की त्यावर काजळासारखा काळा थर चढतो. तसं हे प्लॅस्टिकच, पण वीज वाहून नेणारं. थर चढता चढता त्यात नायट्रेट ओळखणारं एंझाइम अडकवायचं. मग ती कांडी पाण्यात धरली की जितकं नायट्रेट जास्त, तितका मीटरवरचा आकडा मोठा. शेतातला युरिया झिरपून विहिरीत उतरतो, तो असा पकडायचा.

तुलनेला स्वच्छ पाणी लागतं. डिस्टिल्ड वॉटर होतंच, पण विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून तुलना विहिरीच्याच पाण्याशी करावी असं मी ठरवलं आणि आमचीच विहीर निवडली. कोल्हारजवळ प्रवरेकाठी आमचं रान, चहूकडे ऊस, मध्ये विहीर. पाण्याला अशी गोडी की पाहुणे जाताना बाटल्या भरून नेत. ते आधी तपासावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या आईकडे कुणी ओळखपत्र मागतं का?

नमुने मात्र मी नागापूरच्या कारखान्यांजवळच्या विहिरींचे आणले. तिथं घाण सापडणार याची मला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर थोडी हौसही होती. पण एकेक नमुना शून्याच्या खाली जायला लागला.

"उणे नायट्रेट कुठं असतं का?" सर म्हणाले. "तुझा थर नीट बसत नाही."

मी थर खरवडला, पुन्हा चढवला. पुन्हा उणे. पायरोलची बाटली जुनी म्हणून तिच्यावर चिडले, कमीजास्त होणाऱ्या विजेवर चिडले. यात दोन आठवडे गेले.

त्याच दिवसांत वहिनी सव्वा महिन्याची मुलगी घेऊन कोपरगावच्या माहेराहून परतली होती. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर कालवून द्यायची. एकदा तिचा फोन आला. "ताई, हिची नखं काळपट दिसत्यात. माहेरी अशी नव्हती."

आईनं फोन घेतला. "गारठा हाय, दुसरं काय न्हाई. पानी मी लई उकळून देते. निम्मं आटवते."

"बरं करतेस," मी म्हणाले. हे दोन शब्द अजून माझ्या कानातून जात नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी, थर बिघडलाय हे एकदाचं सिद्ध करावं म्हणून, मी कांडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धरली. आकडा नागापूरच्या सगळ्या विहिरींच्याही खाली गेला. म्हणजे थर ठीक होता. मग आमच्या विहिरीच्या पाण्यात धरली. आकडा सरसर वर चढला आणि शून्यावर येऊन थांबला. बाहेरचं पाणी शून्याखाली नव्हतंच, माझं शून्यच डोंगरावर बसलेलं होतं. मला पोरीची काळपट नखं आठवली: नायट्रेट पोटात गेलं की तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आणि उकळल्यानं नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. पाणी जातं, ते खाली राहतं. आई रोज पाणी निम्मं आटवत होती, म्हणजे नायट्रेट दुप्पट करत होती.

फोन वहिनीनं उचलला. पोरीला त्या पाण्यातलं दूध देऊ नको, म्हटलं.

"बाटली तोंडातच हाय," ती म्हणाली.

दादा गाडीत घालून दोघींना नगरला घेऊन आला, मागच्या सीटवर आई. मी दवाखान्याच्या फाटकात उभी होते. पोरीचे ओठ जांभळासारखे झाले होते आणि ती रडतही नव्हती. तपासायला काढलेलं रक्त काकवीसारखं तपकिरी होतं. डॉक्टरांना मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी शिरेतून निळ्या रंगाचं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत ओठांवर लाली आली.

बाकावर आईनं माझा हात धरला. "मी उकळून देत हुते म्हनून तरली, व्हय ना?"

मी "हो" म्हणाले. या वयात तिला कशाला ओझं, असं वाटलं.

महिन्याभरानं घरी गेले. विहिरीचं पाणी आता घरात कुणी पीत नव्हतं, विकतचे जार येत होते. शेजारची लेक बाळंतपणाला आली होती, आणि आई बांधावर उभी राहून तिला समजावत होती, "लेकराला पानी निम्मं हुईस्तोवर उकळून दे. आमची पोरगी त्यानंच वाचली." ती मुलगी मान डोलवत होती.

मी तिथंच, तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

 आई आधी त्या मुलीकडे वळली. "उकळू नगं. आमच्यातला जार घिऊन जा." आणि मग माझ्याकडे. "तवा व्हय का म्हनलीस गं? महिनाभर मी समद्यांना ह्येच सांगत हिंडले."

आम्ही दोघी बांधावरून तशाच घरोघरी सांगायला निघालो. कुणाकुणाला सांगितलं, ते तिला नीट आठवत नव्हतं.