सुईपुरता उजेड

“उजेड कमी पडून राहिला.”

हे वाक्य काका कुणालाही आणि कधीही ऐकवायचे. मे महिन्यात भर दुपारी, आमच्या कॉलनीतली सगळी घरं पडदे ओढून उजेड बाहेर ठेवत असत, तेव्हाही. शिवणयंत्रावरून मान वर न करता ते म्हणायचे, मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचे, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चपटं करायचे आणि एक डोळा बारीक करून सुईच्या नेढ्याशी न्यायचे. तुमच्याही गल्लीत असं काही करत बसणारा एखादा माणूस असेल. त्याच्याशी बोलायचं झालं तर दोरा ओवून होईपर्यंत थांबावं लागतं. आम्ही थांबायचो.

काका मूळचे भोकरकडचे. नोकरी सगळी नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात झाली, बाबूगिरीत. आई शिवणकाम करायची, त्यामुळे मशीन उघडायची सवय लहानपणची. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये टेबल टाकलं. घराच्या नकाशात गॅरेज होतं म्हणून बांधलेलं होतं, गाडी कधी घेतली नाही. कॉलनीतल्या बायका बिघडलेली मशीन तिथं आणून ठेवायच्या. काका ती खोलायचे, पुसायचे, तेल द्यायचे आणि शेवटी चिंधीवर एक सरळ शिवण मारून दोन्ही हातांनी ताणून बघायचे. शिवण तुटली नाही की म्हणायचे, “हाव, घेऊन जा.”

मी हिशेब तपासणीच्या नोकरीतला. काका मला ऑडिटर म्हणायचे आणि त्यात थोडी थट्टा असायची. एकदा त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की तुम्हाला आकड्यांचा नाद आहे, तर इथं कोणता दिवा लावावा ते आकड्यात सांगा. दुकानदार सांगतो ते त्यांना पटत नव्हतं. दुकानदार म्हणे, जास्त वॅटचा घ्या.

गरज का पडली तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब टाकून टिकवायची. पुण्याला असलेला मुलगा म्हणत होता, आता दोघंही माझ्याकडे या. काका तयार नव्हते. शेवटी बापलेकांत एक शर्त ठरली. मुलगा घरी येईल तेव्हा काकांनी त्याच्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवायचा. ओवता आला तर नांदेड. नाही आला तर पुणे.

“तर दिवा नीट निवडा, ऑडिटर,” ते म्हणाले. “माझं घर त्याच्यावर हाय.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना राहायचं होतं की जायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

मी मोजमाप घेतलं. गॅरेज दहा बाय सोळा, स्लॅब नऊ फुटांवर, भिंतींना नुसतं सिमेंटचं प्लास्टर. एकच जुनी ट्यूब, तीही काकांच्या पाठीमागे. म्हणजे ते टेबलावर वाकले की त्यांच्याच डोक्याची सावली सुईवर पडायची. फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप घेतलं. टेबलावर आकडा शंभराच्या थोडा वर आला. बारीक कामाला पाच-सातशे तरी हवेत, असं मी वाचलं होतं.

आधी भिंती पांढऱ्या करून घेतल्या. मग वीस वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर, एका ओळीत लावल्या, म्हणजे उजेड डोक्याच्या पुढून येईल. पहिल्या पट्ट्या निळसर पांढऱ्या निघाल्या. मशीनच्या चकचकीत पत्र्यावरून त्यांचा उजेड डोळ्यांत जायचा आणि काकांच्या डोळ्याला पाणी यायचं. त्या बदलून दुधी झाकणाच्या, जरा उबदार रंगाच्या आणल्या. शेवटी सुईजवळ वाकवता येईल अशा मानेचा एक छोटा दिवा. कोऱ्या कागदावर पेन्सिल उभी धरली की आधी एक काळीभोर सावली पडायची, आता दोन फिक्या पडायला लागल्या. ते चांगलं लक्षण असतं. टेबलावरचा आकडा नऊशेपर्यंत गेला.

काकूंनी सगळं झाल्यावर एकदा आत डोकावून बघितलं. “लग्न कुणाचं हाय?” त्यांनी विचारलं. “मांडवात एवढा उजेड नसतो.”

“तुझंच लाव आता,” काका म्हणाले.

“एकदा लावलं ते बास झालं.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा आला. काकांनी पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. गणपतीत आला, तेव्हा दोनदा चुकून तिसऱ्यांदा ओवला. मुलगा वाईट माणूस नव्हता, बापाला हरवायला आल्यासारखा कधीच वागला नाही. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, की उजेड अजून वाढवता येईल का. मी म्हणालो, वाढवता येईल, पण मग चमक वाढेल. त्यानं मान हलवली.

मधल्या दिवसांत कॉलनीत काकांच्या छोट्या-छोट्या गोष्टी व्हायला लागल्या. शेजारणीच्या रांगोळीवर पाय पडला. उभ्या स्कूटरच्या हँडलला कोपर लागलं. भाजीवाल्या बाईनं नमस्कार केला तर काका तसेच पुढे गेले आणि ती म्हणाली, पेन्शन वाढली जणू. आम्ही हसलो. काका वर म्हणायचे, रस्ताच अरुंद होऊन राहिला. काकू मात्र त्यांच्या डाव्या हाताला चालायला लागल्या होत्या. पूर्वी त्या चार पावलं मागं असायच्या. अंगणातली बादली, कुंडी, पायपुसणं, सगळं भिंतीला लागून गेलं होतं. हे मला दिसत होतं, पण कशाशी जोडावं ते कळलं नव्हतं.

दसऱ्यासाठी मुलगा दोन दिवस आधीच गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी अवजारांची पूजा असते, हात लावायचा नसतो, म्हणून काका म्हणाले, आजच बघून घे. संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये जमलो. मुलगा टेबलाच्या पलीकडे, मी शटरजवळ. काकांनी सगळे दिवे लावले, लागलेल्या दिव्याला नेहमीसारखे हात जोडले आणि बसले. दोऱ्याचं टोक ओलं केलं, चपटं केलं.

पहिल्याच वेळी ओवला गेला. सरळ, न अडखळता. मलाही वाटलं नव्हतं.

काकांनी दोरा ओढून घेतला आणि डावा हात उचलून आडवा फिरवला, जिंकलेला माणूस फिरवतो तसा. काकू त्याच बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. येऊन त्यांना चांगला वेळ झाला होता. काकांच्या हाताचा फटका ट्रेला बसला आणि तिन्ही कप काकूंच्या मनगटावर आणि साडीवर गेले.

“कोण हाय तिकडं?” काका म्हणाले.

“मी,” काकू म्हणाल्या.

मुलानं त्यांना नळाखाली नेलं. मनगट लाल झालं होतं, साल गेली नव्हती. काका जागचे उठले नाहीत. काकू पदरानं हात गुंडाळून परत आल्या, तेव्हा ते म्हणाले, “मघाशी होतीस तिथं उभी राहा.”

“राहू द्या आता.”

“उभी राहा म्हणलं न्हाई का.”

काकू उभ्या राहिल्या. काका समोर सुईकडे बघत होते. “हायेस का?”

“हाय.”

“जरा पुढं सरक.” काकू सरकल्या. “अजून.” असं करत त्या टेबलाच्या कोपऱ्याच्या पुढे, जवळजवळ मुलाच्या शेजारी जाऊन पोचल्या. तेव्हा काका म्हणाले, “थांब. आली.” मग त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू मुलाच्या हातात दिला आणि काकूंच्या पायाशी फरशीवर रेघ मारायला लावली. दुसरी रेघ काकू आधी उभ्या होत्या तिथं. दोन रेघांच्या मध्ये एक कॉट मावली असती.

काका खाली वाकून त्या रेघांकडे बघत बसले. एक बघायची तर मान एवढी वळवावी लागत होती, दुसरी बघायची तर तेवढी. डॉक्टरांनी बाजूची नजर आधी जाते असं सांगितलं होतं म्हणे. घरात ऐकलं गेलं ते एवढंच, की दिसणं कमी होणार. आणि दिसणं कमी झालं की नाही हे आमच्याकडे सुईवरून ठरतं. आई, आजी, मावशी, सगळ्यांचं तसंच ठरलेलं असतं. सुई तर समोर असते. मीही आकडा टेबलावरच घेत होतो, कारण शर्त टेबलावरची होती. त्या संध्याकाळी काकूंच्या जागेवर फोन धरून बघितला. सत्तर.

शर्त काका जिंकले होते. मुलगाच म्हणाला, “बाबा, दोरा ओवला तुम्ही. ठरलं तसं ठरलं.”

काकांनी पुन्हा एकदा त्या रेघांकडे मान वळवली. मग विचारलं, “गाडीत मशीन बसती का रे?”

“मागची सीट पाडली की बसेल.”

“मग मी कुठं बसू?” काकू म्हणाल्या. “मशीनच्या मांडीवर?”

काका म्हणाले, मशीन राहू दे, मागून ट्रकनं मागवू. मग माझ्या दिशेनं म्हणाले, “ऑडिटर, घालवा लाईट.” मी एकेक बटण बंद केलं. छोटा दिवा त्यांनी स्वतः बंद केला.

मशीन ट्रकनं गेलं नाही, अजून आत आहे. पट्ट्याही तशाच आहेत. कॉलनीत नव्या राहायला आलेल्या कुणीतरी मध्ये शिवणयंत्र उचलून आणलं होतं. मी सांगितलं, इथं आता कुणी नाही. त्यांनी विचारलं, मग दुसरं कुठं? मला माहीत नव्हतं.

ते पुण्याला निघाले ती सकाळ. काका पुढच्या डाव्या सीटवर बसले, काकू मागं, मांडीवर डब्यांची पिशवी. मी डावीकडच्या खिडकीशी उभा होतो, काच खाली होती, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. मुलानं गाडी सुरू केली. काकांनी हात वर केला आणि समोरच्या काचेकडे बघत हलवला. समोर आमच्या कॉलनीचा रिकामा रस्ता होता.

“अहो, ते इकडं हायेत,” मागून काकू म्हणाल्या. “तुमच्या डाव्या अंगाला.”

काका मान वळवेपर्यंत गाडी माझ्या पुढे गेली होती. ते आता आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत हात हलवत होते. मीही हलवला.