पोचतोय का मी?

“पोचतोय का मी?”

चहा मागतानाही आमच्या शेजारचे काका आधी हे विचारायचे. मंडळी, त्यांचा आवाज असा, की ते रत्नागिरीत शिंकले तर लांब हायवेवर हातखंब्याला ट्रकवाले ब्रेक मारत. तरी विचारायचे. मासळीवाली मावशी पाटी उतरवण्याआधीच ओरडायची, “पाच-नऊ, काका! आता बांगडे घ्या!” ‘पाच-नऊ’ म्हणजे आवाज खणखणीत पोचला, ही हौशी रेडिओवाल्यांची पोच, काकांनी ती सगळ्या आळीला पढवली होती.

उभा जन्म बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेला माणूस. काकू गेल्यावर घरात उरले ते, त्यांचा ट्रान्समीटर आणि माडापासून आंब्यापर्यंत ताणलेली एरियलची तार. त्या तारेवर बसलेला कावळा उडताना जर्मन बोलायचा, हे मी स्वतः ऐकलंय.

“काका, आता इंटरनेट आलं. तार कशाला?” मी डिवचलं.

“मेल्या, तार हे माझं तोंड. इंटरनेट माझा कान! बघ.”

हॉलंडमधल्या कुणा हौशी म्हाताऱ्याने आपला रेडिओ इंटरनेटला जोडून ठेवला होता. त्याला तिथे जे ऐकू येईल, ते जगात कुणीही कॉम्प्युटरवर ऐकावं. काकांनी माइकमध्ये आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, गरजून सांगितलं आणि श्वासभराने तोच आवाज हॉलंडचं पाणी पिऊन कॉम्प्युटरातून परत आला.

“पोचलो!” त्यांनी माझ्याकडे टाळी मागितली. मग हळूच म्हणाले, “मुलगा त्याच गावात असतो.”

मुलगा फोन उचलत नसे. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. तसं काहीच नव्हतं. नुसता उचलत नसे.

हॉलंडच्या म्हाताऱ्याशी काकांची गट्टी जमली. रेडिओवर हवापाणी, ईमेलवर घरचं. एकदा काकांनी लिहिलं, जमलं तर माझ्या मुलाला बघून या. तो भला माणूस केक घेऊन, सायकल मारत थेट दारात गेला.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकांनी मला ऐकवायला घाईघाईने स्पीकर लावला.

“बाबा, अनोळखी माणसं माझ्या दारात पाठवू नका.”

“बरा आहेस ना रे?”

“लाज वाटते मला. ठेवतो.”

काका बंद फोनकडे बघत म्हणाले, “पाच-नऊ.”

त्या दिवशी माइकवर रुमाल पडला, तो कायमचा. ऐकणं मात्र त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत हॉलंड लावून बसायचे. आत नुसती खरखर.

“कोण बोलतंय, काका?”

“कुणी नाही. वीज चमकली की रेडिओ असा कडकडतो. त्याच्या गावात पाऊस आहे. छत्री नेली असेल का रे त्याने?”

काका गेले ते त्याच खुर्चीत. मुलाला फोन मी लावला. माझा नंबर अनोळखी, म्हणून उचलला असावा. “तिकीट बघतो,” तो म्हणाला, “पण या आठवड्यात कठीण आहे.” माझ्या पाठीमागे काकांचा कॉम्प्युटर अजून चालूच होता, कडाकड वाजत.

“तिकडे वीज चमकतेय ना?” मी विचारलं.

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“बाहेर पडताना छत्री घे,” म्हटलं, आणि फोन ठेवला.