केडगावात पाहिलेला एका हंगेरियन पिक्चरचा शेवट

लिंक पाठवून काम झालं असतं, हे मान्य. पण मला घरात बसवत नाही. युरोपातल्या फिल्म संग्रहालयांनी नेटवर टाकलेले जुने सिनेमे नि फोटो धुंडाळणं हा माझा रिकामपणचा उद्योग. त्यातल्याच एका हंगेरियन पिक्चरचा फोटो मी ब्लॉगवर टाकला होता: स्टेशनवर उभी बाई, डोक्याला रुमाल. खाली नगरच्या आयेशाची कमेंट आली, "माझे आजोबा प्रोजेक्टर चालवायचे, हा त्यांनी दाखवलाय. विचारतायत, हिचा नवरा लढाईवरून परत येतो का?" निघालेच मी, लॅपटॉप घेऊन.

पुण्याहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, वाचलेल्या पैशांत सुप्याला मिसळ होते. मात्र गाडी नगर शहरात जाणार ना, हे कंडक्टरला विचारून चढा. मी विचारलं नाही, मग बायपासवर उतरून रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागली.

नगरला लागूनच असलेल्या केडगावच्या घरी चाचांनी, म्हणजे आयेशाच्या आजोबांनी, पत्र्याची पेटी उघडूनच ठेवली होती. नगरातला हौशी फिल्म क्लब बंद पडला, तेव्हा बाहेर लावायचे फोटो त्यांच्याकडे राहिले. पोलिश, झेक, इटालियन चेहरे, चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं. मी हरखूनच गेले. चाचांचं लक्ष मात्र लॅपटॉपवर.

"पाच रिळं आली, शेवटचं आलंच न्हाई," ते म्हणाले. "लोक उठंनात. मग मीच पडद्याम्होरं उभा राहिलो अन् सांगितलं, नवरा गाडीतनं उतरतो, दोघं घरी जातात. लई टाळ्या पडल्या. तुझी चाची बी हुती तितं, आमच्या लग्नाला म्हैना झाल्ता. अजून सगळ्यांना सांगते, असा पिक्चर न्हाई बघितला. पन मी खरं सांगितलं का खोटं, हा किडा चाळीस वर्षं डोक्यात हाय."

शेवटची दहा मिनिटं लावली. गाडी येते. माणसं उतरतात, निघून जातात. बाई रुमाल नीट करते आणि बाकावर बसते. संपला. चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. फार वाईट वाटलं मला, उगाच आले असं झालं.

तेवढ्यात आतून चाचींचा आवाज, "आया क्या वो?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "आया ना! गाडी से उतरा."

मी लॅपटॉप मिटला. चाचींनी अंड्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी वाढली.

संध्याकाळी पुण्यात घरी पोचून चपला काढते तोच आयेशाच्या मोबाईलवरून चाचींचा फोन. आधी पोचल्याची चौकशी, मग दबक्या आवाजात, "चहा घिऊन दारात आल्ते, तवा दिसलं मला. एकलीच बसली बाई. मागं फिरले अन् मुद्दाम विचारलं, काय म्हनतात बघू म्हनून. त्यांना सांगू नको हां."

फोटो भरपूर मिळाले, सावकाश टाकेन. आयेशा, आजोबांना फोटोच दाखव, हे वाचून दाखवू नकोस.

फोन ठेवण्याआधी मी चाचींना विचारलंच, "वाईट नाही वाटलं तुम्हाला?"

"वाईट कशाला वाटंल, बेटा? मी बघितला त्यात तो आल्ता."